कार ॲम्प्लिफायरचं क्रॉसओव्हर सेटिंग: बेस वाढवायच्या नादात स्पीकर का उडतात?

गाडीत नवीन म्युझिक सिस्टीम बसते. दारात स्पीकर, डिकीत वूफर, सीटखाली ॲम्प्लिफायर. पहिल्याच दिवशी मित्रांना गाडीत बसवून आवाज ऐकवला जातो, स्टेटस टाकला जातो. पुढच्या काही महिन्यांत मात्र दारातून खरखर यायला लागते, नाहीतर ट्वीटर एकदम गप्प होतो. दुकानात गेलं की उत्तर ठरलेलं असतं, "स्पीकर हलका होता, भारीतला टाका." मग पुन्हा नवा स्पीकर आणि पुन्हा तोच खर्च.

बऱ्याच वेळा यात स्पीकरचा दोष नसतोच. दोष असतो ॲम्पवरच्या एका छोट्या स्विचचा आणि त्याच्या शेजारी स्क्रू ड्रायव्हरने फिरवायच्या एका बारीक नॉबचा. त्यालाच क्रॉसओव्हर म्हणतात. हा नॉब घाईत कुठेतरी ठेवून दिला जातो आणि गाडीचा मालक पुढची पाच वर्षं त्याला हातही लावत नाही.

क्रॉसओव्हर नेमकं करतं काय, ते चुकलं तर स्पीकर का जळतो आणि घरच्या घरी ते नीट कसं लावायचं?

क्रॉसओव्हर म्हणजे कामाची वाटणी

आवाज म्हणजे हवेतली थरथर. एका सेकंदात किती वेळा थरथर होते, त्याला फ्रिक्वेन्सी म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. वय वाढलं की वरची बाजू हळूहळू कमी होत जाते.

गाण्यात हे सगळे आवाज एकत्र येतात. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, बाईचा १६५ ते २५५ च्या दरम्यान. झांजा आणि टाळांची किणकिण काही हजार हर्ट्झमध्ये जाते.

एकच स्पीकर हे सगळं नीट वाजवू शकत नाही. खालचे सूर वाजवायला भरपूर हवा ढकलावी लागते, म्हणून वूफर मोठा आणि जड असतो. वरच्या सुरांसाठी पडदा सेकंदाला हजारो वेळा हलावा लागतो, म्हणून ट्वीटर बोटाच्या पेराएवढा आणि हलका असतो. दारातला साडेसहा इंची स्पीकर या दोघांच्या मधला.

आता कुणी कोणतं काम करायचं, हे ठरवणारा मुकादम म्हणजे क्रॉसओव्हर. तो प्रत्येक स्पीकरकडे त्याला झेपेल तेवढीच फ्रिक्वेन्सी जाऊ देतो आणि बाकीची अडवतो.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. क्रॉसओव्हर आवाजात काहीही वाढवत नाही, ते फक्त काढून टाकतं. त्यामुळे हा नॉब फिरवताना 'बेस किती वाढवू' असा विचार केला की गणित चुकतं. प्रश्न असा विचारायचा की या स्पीकरवरचं कोणतं ओझं कमी करायचं आहे?

चुकलं तर स्पीकर का जातो?

स्पीकर दोन प्रकारे मरतो. एक म्हणजे गरजेपेक्षा जास्त हलून, दुसरं म्हणजे जास्त तापून.

पहिला प्रकार दारातल्या स्पीकरचा. समजा, ८० हर्ट्झचा सूर एका ठरावीक जोराने वाजवताना स्पीकरचा कोन १ मिलिमीटर पुढे-मागे होतो. तेवढ्याच जोराने ४० हर्ट्झ वाजवायचं तर त्याला ४ मिलिमीटर हलावं लागतं आणि २० हर्ट्झसाठी १६ मिलिमीटर. म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की हालचाल चौपट होते. दारातल्या साध्या स्पीकरची नीट हलायची मर्यादा काही मिलिमीटरच असते. त्यापुढे आवाज फाटतो, कॉइल घासायला लागते आणि एक दिवस कोनच सुटतो.

गंमत अशी की एवढी झीज करून त्यातून खोल बेस मिळतच नाही. साडेसहा इंची स्पीकर ३०-४० हर्ट्झला कानाला जाणवेल असा आवाज काढूच शकत नाही. तो नुसता धडपडतो. त्या धडपडीत त्याचं खरं काम, म्हणजे गायकाचा आवाज आणि वाद्यं, तेही बिघडतं.

दुसरा प्रकार ट्वीटरचा. त्याच्या कॉइलची तार केसासारखी बारीक असते. खालच्या फ्रिक्वेन्सीची ताकद तिच्यात शिरली की ती तापते आणि तुटते. कॉम्पोनंट सेटमध्ये ट्वीटरसोबत एक छोटी डबी येते. त्यात कॅपॅसिटर आणि तारेचं वेटोळं असतं. हे पॅसिव्ह क्रॉसओव्हर. ते ट्वीटरकडे जाणारे खालचे सूर अडवतं. साध्या कोॲक्सियल स्पीकरमध्ये हे काम बहुतेक वेळा एकच छोटा कॅपॅसिटर करतो.

आणखी एक शत्रू म्हणजे क्लिपिंग. ॲम्पच्या ताकदीबाहेर आवाज मागितला की लाटेचं टोक कापलं जातं. गोल लाट चपटी होते. अशा चपट्या लाटेत सरासरी ताकद जास्त असते, शिवाय मूळ गाण्यात नसलेले वरचे सूर तयार होतात. ते थेट ट्वीटरकडे जातात. कमी वॉटच्या ॲम्पने जास्त वॉटचा ट्वीटर जळाला, असं जे ऐकू येतं, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

ॲम्पवरची बटणं ओळखा

ॲम्पच्या कडेला इंग्रजी अक्षरांची गर्दी असते. त्यातली कामाची ही:

- एचपीएफ (हाय पास फिल्टर): ठरवलेल्या आकड्याच्या वरचे सूर जाऊ देतो, खालचे अडवतो. दारातले स्पीकर आणि ट्वीटर यांच्यासाठी.
- एलपीएफ (लो पास फिल्टर): ठरवलेल्या आकड्याच्या खालचे सूर जाऊ देतो, वरचे अडवतो. वूफरसाठी.
- बीपीएफ (बँड पास फिल्टर): दोन्ही बाजूंनी कापतो, मधला पट्टा ठेवतो. फक्त मिडबेस किंवा मिडरेंज स्पीकरला वेगळा चॅनेल दिला असेल तर लागतो.
- फुल किंवा ऑफ: फिल्टर बंद. सगळेच सूर जातात. दारातल्या स्पीकरवर हा स्विच 'फुल'वर राहून जाणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.
- सबसॉनिक: वूफरसाठीचा हाय पास फिल्टर. कानाला ऐकू न येणारे पण वूफरला हलवून टाकणारे अगदी खालचे सूर अडवतो.
- बेस बूस्ट: एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला, बऱ्याच ॲम्पमध्ये ४५ हर्ट्झच्या आसपास, आवाज वाढवतो. हा क्रॉसओव्हरचा भाग नाही.
- गेन: स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्पची जुळणी करतो. याला बरेच जण आवाजाचा नॉब समजतात. तो आवाजाचा नॉब नाही.
- फेज, ० किंवा १८०: वूफरच्या पुढे-मागे होण्याची दिशा उलटी करतो.
- गुणिले १०: हा स्विच काही ॲम्पवर असतो. दाबला की नॉबवरचे आकडे दहापट होतात. ५० ते ५०० चा नॉब ५०० ते ५००० चा होतो.

या शेवटच्या स्विचकडे नीट बघा. दाराच्या चॅनेलवर तो चुकून दाबलेला राहिला तर ८० चे ८०० होतात आणि गाणं जुन्या ट्रान्झिस्टरसारखं पातळ ऐकू येतं. उलट, ट्वीटरला थेट ॲम्पवर चालवताना तो दाबायचा राहिला तर ३५०० ऐवजी ३५० हर्ट्झपासूनचे सूर ट्वीटरमध्ये जातात. मग ट्वीटर फार दिवस टिकत नाही.

सगळे ८० हर्ट्झच का सांगतात?

कार ऑडिओतला सगळ्यात प्रसिद्ध आकडा म्हणजे ८० हर्ट्झ. होम थिएटरच्या जगात टीएचएक्स या मानकानेही हाच आकडा धरला आहे. त्यामागे दोन कारणं आहेत.

पहिलं कारण कानाचं. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय, हे माणसाला नीट ओळखता येत नाही. ८० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी चार मीटरपेक्षा जास्त असते, म्हणजे छोट्या हॅचबॅक गाडीएवढी. त्यामुळे वूफर डिकीत असला तरी बेस पुढूनच येतोय असं वाटतं. हाच वूफर १५०-२०० हर्ट्झपर्यंत वाजवला तर पुरुषाच्या आवाजाचा जड भाग मागून येतो. गायक डिकीत बसून गातोय असं वाटायला लागतं.

दुसरं कारण दारातल्या स्पीकरचं. बऱ्यापैकी साडेसहा इंची स्पीकर ८० हर्ट्झपर्यंत आरामात वाजतो. त्याच्या खाली त्याची दमछाक सुरू होते.

म्हणून ८० हर्ट्झ ही सुरुवातीची जागा आहे. गाडी, दार, स्पीकर आणि वूफरचा बॉक्स यानुसार तो आकडा थोडा खाली-वर होणारच.

स्लोप: भिंत की उतार?

एचपीएफ ८० वर लावला म्हणजे ७९ हर्ट्झचा आवाज पूर्ण बंद, असं होत नाही. फिल्टर म्हणजे भिंत नव्हे, तो उतार आहे. तो किती तीव्र, हे 'डेसिबल प्रति ऑक्टेव्ह'मध्ये सांगतात. ऑक्टेव्ह म्हणजे फ्रिक्वेन्सीची दुप्पट किंवा निम्मी. ८० वरून ४० म्हणजे एक ऑक्टेव्ह खाली.

एचपीएफ ८० हर्ट्झवर असेल तर ४० हर्ट्झला स्पीकरकडे किती ताकद पोहोचते, याचा ढोबळ हिशोब असा:

- ६ डेसिबलचा उतार: साधारण एक चतुर्थांश
- १२ डेसिबलचा उतार: साधारण सोळावा भाग
- २४ डेसिबलचा उतार: साधारण २५६ वा भाग

कार ॲम्पवर सहसा १२ डेसिबलचा उतार मिळतो, काहींवर २४ चाही. थेट ॲम्पवर चालणाऱ्या ट्वीटरला २४ चा उतार असलेला बरा. दाराच्या स्पीकरला १२ पुरतो.

कोणत्या स्पीकरला किती?

हे आकडे सुरुवातीसाठी आहेत. स्पीकर बनवणाऱ्या कंपनीने माहितीपत्रकात वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरायचा.

- साडेसहा इंची दाराचे स्पीकर, डिकीत वूफर असेल तर: एचपीएफ ८० हर्ट्झ
- तेच स्पीकर, वूफर नसेल तर: एचपीएफ ५० ते ६० हर्ट्झ, आवाज जरा बेतानेच
- मागच्या ट्रेवरचे सहा बाय नऊचे स्पीकर: एचपीएफ ६० ते ८० हर्ट्झ
- चार इंची किंवा त्याहून लहान डॅशबोर्ड स्पीकर: एचपीएफ १०० ते १५० हर्ट्झ
- थेट ॲम्पवर जोडलेला ट्वीटर: एचपीएफ ३००० ते ४००० हर्ट्झ
- डिकीतला १० किंवा १२ इंची वूफर: एलपीएफ ८० हर्ट्झ
- सीटखालचा ॲक्टिव्ह वूफर: एलपीएफ ८० ते १०० हर्ट्झ

सबसॉनिक फिल्टर लावायचा का, हे वूफरच्या बॉक्सवर ठरतं. बॉक्सला हवा जायला पोर्ट, म्हणजे भोक किंवा नळी असेल तर हा फिल्टर लावायलाच हवा. असा बॉक्स एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेला असतो. त्या आकड्याच्या खाली गेलं की आतल्या हवेचा दाब कोनला धरून ठेवत नाही आणि वूफर मोकाट हलतो. बॉक्स ३५ हर्ट्झला ट्यून असेल तर सबसॉनिक ३० च्या आसपास ठेवायचा. बॉक्सचा आकडा माहीत नसेल तर बनवणाऱ्याला विचारायचा. ते जमत नसेल तर ३० ते ३५ पासून सुरुवात करायची. पूर्ण बंद बॉक्समध्ये आतली हवाच स्प्रिंगसारखी काम करते, त्यामुळे तिथे धोका कमी असतो.

पायरीपायरीने सेटिंग

उदाहरणासाठी नेहमीची जोडणी धरू. हॅचबॅक गाडी, चार चॅनेलचा ॲम्प, पुढच्या दारांत साडेसहा इंची कॉम्पोनंट स्पीकर आणि मागचे दोन चॅनेल ब्रिज करून त्यावर १० इंची वूफर. ब्रिज केल्यावर बहुतेक चार चॅनेल ॲम्पना ४ ओहमपेक्षा कमी लोड चालत नाही, हे आधी तपासून घ्यायचं.

लागणाऱ्या गोष्टी: छोटा स्क्रू ड्रायव्हर, साधा डिजिटल मल्टिमीटर, फोनमध्ये टेस्ट टोन आणि ओळखीची दोन-तीन गाणी. हे सगळं गाडी उभी असतानाच करायचं. मोकळ्या जागेत इंजिन चालू ठेवलं तर उत्तम, कारण बॅटरीला पूर्ण व्होल्टेज मिळतो. बंद गॅरेजमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायचं नाही. धूर जीवघेणा ठरू शकतो.

१. सगळं शून्यावर आणा. स्टिरिओमधला बेस, ट्रेबल आणि इक्वलायझर शून्यावर, लाउडनेस बंद. ॲम्पवर बेस बूस्ट शून्य, दोन्ही गेन सगळ्यात खाली.

२. फिल्टर एकाच ठिकाणी लावा. अनेक स्टिरिओमध्येही एचपीएफ आणि एलपीएफ असतात. तिथेही ८० आणि ॲम्पवरही ८० लावलं तर दोन उतार एकावर एक चढतात आणि दोन्ही स्पीकरच्या सांध्यावर आवाजात खड्डा पडतो. कोणताही एकच ठेवा, दुसरा बंद करा. स्टिरिओत आकडा स्क्रीनवर नेमका दिसत असेल तर तिथलाच फिल्टर वापरणं सोपं जातं.

३. पुढच्या चॅनेलला एचपीएफ, ८० हर्ट्झ. स्विच 'फुल'वर नाही ना, हे दोनदा बघा. कॉम्पोनंट सेटची डबी जोडलेली असेल तर ट्वीटरची काळजी ती घेते.

४. मागच्या चॅनेलला एलपीएफ, ८० हर्ट्झ. पोर्टवाला बॉक्स असेल तर सबसॉनिकही आत्ताच लावा.

नॉबवर बहुतेक वेळा फक्त दोन टोकांचे आकडे छापलेले असतात, समजा ५० आणि २५०. नॉब मध्यावर म्हणजे १५०, असा अर्थ लावायचा नाही. मधले आकडे सारख्या अंतरावर नसतात. वूफर चालू ठेवून ६०, ८०, १०० आणि १२० हर्ट्झचे टोन एकामागून एक हळू आवाजात वाजवा. ८० नंतर आवाज स्पष्ट उतरायला लागला की नॉब जागेवर आला, असा अंदाज येतो.

५. आता गेन. स्पीकरच्या तारा ॲम्पपासून काढा. स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशपर्यंत न्या, म्हणजे ४० पैकी ३०. पुढच्या चॅनेलसाठी ४०० हर्ट्झचा आणि वूफरसाठी ५० हर्ट्झचा टोन पूर्ण पातळीवर, म्हणजे शून्य डेसिबलचा वाजवा. स्वस्त मल्टिमीटर जास्त फ्रिक्वेन्सीचा एसी व्होल्टेज अचूक मोजत नाहीत, म्हणून ४०० बरा पडतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर लावा आणि गेन हळूहळू वाढवा.

किती व्होल्टपर्यंत वाढवायचा? वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. दाराचा चॅनेल ५० वॉट आणि स्पीकर ४ ओहमचा असेल तर ५० गुणिले ४ म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ साधारण १४.१ व्होल्ट. ब्रिज केलेला चॅनेल १५० वॉट आणि वूफर ४ ओहमचा असेल तर ६०० चं वर्गमूळ, म्हणजे साधारण २४.५ व्होल्ट. तिथे थांबा. वॉट धरताना ॲम्प आणि स्पीकर यांपैकी ज्याचा आरएमएस आकडा लहान, तो धरायचा. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेले 'मॅक्स' किंवा 'पीएमपीओ' वॉट विसरून जायचे. त्यांच्यावर हिशोब केला की क्लिपिंग ठरलेलंच.

६. आवाज खाली आणून स्टिरिओ बंद करा, मग स्पीकर जोडा. टोन चालू असताना तारा लावायच्या नाहीत.

७. फेज तपासा. ड्रायव्हरच्या सीटवर बसून बेस असलेलं गाणं मध्यम आवाजात लावा. दुसऱ्या कुणाला तरी फेजचा स्विच ० वरून १८० वर करायला सांगा. ज्या बाजूला बेस भरीव आणि पुढून आल्यासारखा वाटेल, तीच बरोबर. फेज उलटा असेल तर वूफर हवा पुढे ढकलतो तेव्हा दाराचा स्पीकर मागे ओढतो आणि सांध्यावरचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. बेस कमी वाटतो म्हणून गेन वाढवणाऱ्या अनेकांचा खरा प्रश्न इथेच असतो. वाढवलेल्या गेनने तो सुटत नाही, वूफर तेवढा तापतो. स्विच नसेल तर वूफरच्या प्लस-मायनस तारा अदलाबदल करून हेच करता येतं.

८. कानाने शेवटचा हात फिरवा. बेस ढोलासारखा घुमत असेल, प्रत्येक सूर एकाच ठिकाणी धपधप करत असेल तर दोन्ही फिल्टर एकमेकांवर चढले आहेत. एलपीएफ ७० आणि एचपीएफ ९० असं थोडं लांब करून बघा. उलट मधेच पोकळी वाटत असेल तर दोघांना जवळ आणा. वूफर दारांपेक्षा फार मोठा वाजत असेल तर फक्त त्याचा गेन थोडा कमी करा. मोजून ठेवलेल्या आकड्याच्या वर मात्र न्यायचा नाही.

९. रस्त्यावर ऐका. उभ्या गाडीत जे सेटिंग बेस जास्त असल्यासारखं वाटतं, तेच पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर कमी वाटू शकतं. टायर, इंजिन आणि वारा यांचा खालच्या सुरांतला आवाज बेसला झाकून टाकतो. म्हणून शेवटचा निर्णय एक चक्कर मारून आल्यावर घ्यायचा. बदल मात्र गाडी बाजूला थांबवूनच. सगळं जमलं की नॉबच्या जागांचा फोटो काढून ठेवा. सर्व्हिसिंगमध्ये कुणाचा हात लागला तरी सेटिंग परत आणता येतं.

बेस बूस्टचा मोह

सगळं नीट लावून झाल्यावर हात हमखास बेस बूस्टकडे जातो. त्याआधी एक हिशोब. आवाज ३ डेसिबलने वाढवायला दुप्पट ताकद लागते. बेस बूस्ट १२ डेसिबलवर नेला की त्या फ्रिक्वेन्सीला सोळापट ताकद मागितली जाते. १५० वॉटच्या ॲम्पकडे २४०० वॉटची मागणी. तो देऊ शकत नाही, मग क्लिपिंग सुरू होतं आणि वूफरची कॉइल तापते. जळक्या गोंदासारखा वास येत असेल तर आवाज लगेच बंद करायचा.

खोल बेससाठी गाडी स्वतःच थोडी मदत करते. गाडीची केबिन छोटी आणि बंद असते. लाट केबिनपेक्षा बरीच लांब झाली की आत हवेचा दाब वाढत जातो आणि सगळ्यात खालचे सूर उचलले जातात. याला केबिन गेन म्हणतात. साध्या बंद बॉक्समधला वूफर घरात बारीक वाटतो आणि गाडीत मात्र छाती हलवतो, त्यामागे हेच आहे.

'बीडब्ल्यू' आणि 'एलआर' काय असतं?

नव्या अँड्रॉइड स्टिरिओत किंवा डीएसपी असलेल्या ॲम्पमध्ये फिल्टरचा प्रकार विचारला जातो. तिथे ही दोन नावं दिसतात.

'बीडब्ल्यू' म्हणजे बटरवर्थ. स्टीफन बटरवर्थ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३० मध्ये या फिल्टरचं गणित मांडलं. यात ठरवलेल्या आकड्यावर आवाज ३ डेसिबलने खाली असतो.

'एलआर' म्हणजे लिंकविट्झ-रायली. झिगफ्रिड लिंकविट्झ आणि रस रायली हे दोघं ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत इंजिनिअर होते. लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये हा प्रकार मांडला. यात आकड्यावर दोन्ही स्पीकर ६ डेसिबलने खाली असतात आणि दोघांची बेरीज सपाट येते. सांध्यावर उंचवटा येत नाही. दोन्ही बाजूंना एकच आकडा ठेवायचा असेल तर २४ डेसिबलचा 'एलआर' निवडणं सोयीचं. पण एका बाजूला 'एलआर' आणि दुसऱ्या बाजूला 'बीडब्ल्यू' अशी भेळ करायची नाही.

कान आणि शेजारी

सेटिंग नीट झालं की एक धोका वाढतो. आवाज फाटत नाही, म्हणून तो किती मोठा आहे हे कळत नाही. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेच्या, म्हणजे नायोशच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सहन करता येतो. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. बंद काचांच्या गाडीत चांगला वूफर या पातळीला सहज पोहोचतो. गाडीतून उतरल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर तो कानाने दिलेला इशारा आहे. तुटलेला स्पीकर बदलता येतो, कानाच्या आतल्या पेशी परत येत नाहीत.

बाहेरच्यांसाठीही नियम आहेत. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. भिंतीतून सगळ्यात सहज आरपार जातात ते खालचेच सूर. म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाणं ऐकू येत नाही, पण दुसऱ्या मजल्यावरची खिडकी थरथरते.

थोडक्यात

दारातून बेस काढून घेतला की दाराचा स्पीकर मोकळा होतो. तो जास्त मोठ्याने आणि स्वच्छ वाजतो, शब्द कळायला लागतात. वूफरमधून वरचे सूर काढून घेतले की बेस आखूड आणि ठोस होतो. दोघांनी आपापलं काम केलं की गेन वाढवायची गरजच पडत नाही.

त्यामुळे नवा स्पीकर घेण्याआधी जुन्या ॲम्पजवळ जा, स्विच 'फुल'वर आहे का ते बघा. असेल तर एचपीएफवर आणा, ८० हर्ट्झ लावा आणि तेच गाणं पुन्हा ऐका. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. खराब झालेली कॉइल यातून नीट होणार नाही, पण चांगला स्पीकर खराब व्हायचा वाचेल.